सारिकाची वाटी

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — ती तर आता गेलीसुद्धा. लेण्याद्रीला गणपतीपुढं उभी राहिले तेव्हाही नुसते हात जोडले आणि भलतंच काहीतरी मागून खाली उतरले. देवाला म्हणे सगळं ठाऊक असतं. असेल बाई. पण त्याला ठाऊक असणं वेगळं, आणि आपल्या तोंडानं सांगणं वेगळं.

आणि गोष्ट तरी कशाची? सफरचंदाच्या खिरीची. हसाल तुम्ही. हसा — मला चालेल. खिरीपायी कुणाचं काय वाटोळं होतंय, असं मीही मनाला लई वेळा समजावलंय.

आमचं घर जुन्नरहून घोडेगावला जाणाऱ्या रस्त्याला. एकत्र कुटुंब. आत्या — म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्यात सासूला आत्याच म्हणतात — आम्ही दोघं, आमची दोन पोरं, आणि धाकटा दीर न त्याची बायको सारिका. सारिका डिंभ्याची, धरणाच्या कडेची. हसायला लागली की गोठ्यातला आवाज रस्त्यापर्यंत जायचा. मला अक्का म्हणायची. अजून म्हणते, आणि तेच सहन होत नाही.

तिला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या न म्हणाल्या, बाकी काही नाही, आधी वजन उतरवा. वजन उतरलं की पाळी जागेवर येईल, मग औषधं सुरू करू. वय हातात आहे तोवर करा, असंही म्हणाल्या. सारिका तिथून आली ती हसतच आली. नुसतं वजनच ना? त्यात काय मोठं! तिला वाटलं, मूल आता आलंच.

माझंही अंग सुटलेलं होतं. दोन बाळंतपणं, वर गोडाची खोड. म्हटलं, चल, दोघी मिळून करू. सकाळी दोघी रस्त्यानं झपाझप चालायचो, रानात निघालेल्या बायका हसायच्या — "काय गं, कुणाची यष्टी चुकली?" भात बंद, बिनसाखरेचा चहा. आणि सारिका दर संकष्टीला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायची. व्यायामही झाला न नवसही. पार्वतीनं पोरासाठी तप केलं ते तिथंच की.

पण गोडावाचून तिचा जीव जायचा. जेवण झालं की नुसती डबे उघडून हुंगायची. मग मी मोबाईलवर बघून हलकं गोड करायला शिकले. सगळं सफरचंदाचं. साल ठेवून किसायचं, मंद आचेवर त्याच्याच पाण्यात आटवायचं, वेलची टाकायची. दूध रात्रीचं, दोनदा साय काढलेलं. किस पुरता गार झाल्यावरच दूध घालायचं, नाहीतर नासतं. कधी फोडी तव्यावर झाकण घालून मऊ करायच्या, वर दालचिनी, सोबत टांगून ठेवलेलं घट्ट दही. साखरेचा कण नाही. जुन्नरच्या बाजारात रेहानाभाभीचा फळांचा गाडा आहे, तिला सारिकाचं सगळं माहीत. एकेक फळ हुंगून काढायची न म्हणायची, "ये ले जा, अक्का. एवढं गोड हाय, साखर लागणारच न्हाई."

पहिल्या दिवशी खीर केली. सारिकानं एक चमचा खाल्ला न वाटी बाजूला सारली. "अक्का, फिक्कं लागतंय गं."

एवढंच. तिचं काही चुकलं नव्हतं. पण मला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. माझ्या हातच्या पुरणपोळीसाठी भावकीतले लोक न बोलावता येतात, आणि ही वाटी सारते? दुसऱ्या दिवशी तिच्या वाटीत चमचाभर पिठीसाखर टाकली. तिनं बोटानं वाटी पुसून खाल्ली. "आज जमली बघ!" म्हणाली. मी म्हटलं, "भाभीनं सफरचंदं चांगली दिली."

आता तुम्ही म्हणाल, मग झालं काय त्यात — चवीपायी केलं, मायेनं केलं. इथं थांबले तर तसंच वाटेल. मीही कैक वर्षं इथंच थांबत आले. पण पुढचं ऐका.

आमच्याकडं लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालतात, तुमच्याकडंही असेल. सारिकाच्या माहेरानं दिलेल्या वाट्यांवर तिचं नाव, माझ्या वाट्यांवर माझं. जिची तिनं वापरायची, आत्यांचा दंडकच तो. आणि स्वयंपाक माझ्याकडं, गोठा तिच्याकडं — ती धारा काढून हातपाय धुऊन येईपर्यंत वाट्या भरून तयार. पातेलं एकच, पण तिच्या वाटीत काय पडतंय हे बघायला कुणी नसायचं. माझ्या वाटीत मी साखर घातली नाही. कधीच नाही. मला बारीक व्हायचं होतं ना!

वजन आम्ही कांद्याच्या चाळीतल्या काट्यावर करायचो, गोण्या मोजायच्या त्याच्यावर. गडीमाणसं जेवायला गेली की पटकन चढायचं. महिन्याभरानं चढलो. माझं चांगलं उतरलं होतं. तिचं होतं तिथंच. ती उतरली, पुन्हा चढली, चपला काढून चढली. मग गोणीवर बसली न पदर तोंडात कोंबून रडायला लागली. लहान पोरासारखी हो. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि — आता सांगते. मला बरं वाटलं.

बरं वाटलं मला. पोटात कसं गार वाटतं तसं.

का? लई शोधलं मी. कधी वाटतं, ती हसरी, गोरी, आत्यांची लाडकी, सगळ्या घराचं वारं तिच्याकडं. माझ्याकडं तिच्यापेक्षा जास्त एकच होतं — माझी पोरं. तिलाही झालं असतं तर मी कोण उरले असते? आणि पोरंसुद्धा माझी नुसती नावाला. न्हाऊमाखू घालायची ती, शाळेला सोडायची ती, तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसायची ती. तिचं स्वतःचं आलं असतं तर हे सगळं माझ्या गळ्यात. अशी कारणं काढायला गेलं तर ढीगभर निघतात. पण कारणानं काही कमी होतं का? तिच्या वरचढ राहायचं होतं मला. नीच मन, दुसरं काय.

त्या दिवसापासून साखर चवीसाठी नव्हती. चमचा वाढला. दोनदा काढलेली साय बाजूला ठेवायची न तिच्याच वाटीत फेटून घालायची. घरचा खवा कुस्करून घालायचा. किसात मिसळला की कळत नाही. ती म्हणायची, "अक्का, हलकं खाऊनसुदिक पोट कसं भरतंय बघ." आणि संकष्टीला — अरे देवा — संकष्टीला ती दिवसभर पाण्यावर, पायऱ्या चढून आलेली, पाय थरथरताहेत, आणि चंद्र उगवेपर्यंत तिच्या पोटात जायची ती फक्त माझी एक वाटी. त्या वाटीतही घालायचे मी. त्या दिवशी जरा जास्तच.

म्हणाल, एका वाटीनं काय होतंय? बाकीचंही काही असेल, अंगाची ठेवण असेल. असेलही. मग मी लपवून का घालत होते? ती आत आली की साखरेच्या डब्याचं झाकण का लावत होते? मला तिचं वजन उतरू द्यायचं नव्हतं. एवढं मला त्या चुलीपुढं उभं राहून स्वच्छ माहीत होतं.

मी उतरत गेले. ब्लाउज घरीच आत घेतले. बाजारात बायका थांबवायच्या, "अगं, काय खातेस तरी काय?" मी म्हणायची, सफरचंद. कृती सांगायची, खरी कृती. आणि शेजारी सारिका पिशव्या धरून उभी असायची. तिच्याकडं बघून कुणी काही बोलायचं नाही. त्या न बोलण्यातच सगळं यायचं.

मग घरात सुरू झालं. आत्या एके दिवशी ओसरीवरून म्हणाल्या, "एकाच चुलीवरचं खात्यात दोघी. थोरली वाळली न धाकटी फुगली. मंग कसं? चोरून खात असंल." माझं उतरलेलं अंग हाच पुरावा झाला. माझ्याकडं बोट दाखवायचे न तिला बोलायचे. दीर पहिल्यांदा गप्प राहिले. मग तेही टोचून बोलायला लागले. एकदा तर त्यांनी तिचं कपाट उघडलं. साड्या खाली काढल्या, घड्या उलगडल्या, बिस्किटाचा पुडा, फरसाण, काय सापडतंय ते बघत होते. सारिका दाराला टेकून उभी. म्हणाली, "आईची आण, म्या काय बी खाल्लं न्हाई." कुणी ऐकलं नाही.

मी समोर कणीक मळत होते.

तेव्हा बोलता आलं असतं. दोनच शब्द लागले असते. परातीतनं हात काढून नुसतं म्हणायचं होतं — मी घातलं. लोक काय म्हणतील, हे काय म्हणतील, पोरं कशी बघतील — सगळं त्या एका क्षणात डोक्यात आलं. तिचं काय होईल तेवढं आलं नाही. कणकेला तेलाचा हात लावून झाकण घातलं मी. आणि सगळ्यात वाईट काय, माहितेय? पुढची संकष्टी आली, आणि मी पुन्हा घातली. तिची ती गत डोळ्यानं बघून पुन्हा घातली. केसानं गळा कापणं म्हणतात ते याहून काय वेगळं असतं?

डॉक्टरीणबाईंनी लई वाट बघितली. शेवटी दीरच म्हणाले, बस झालं, हिला स्वतःलाच नको असंल तर कुणासाठी खेटे घालायचे? जाणं बंद झालं. वय कुणासाठी थांबतंय? सारिकानं चालणं सोडलं, पायऱ्या सोडल्या, गोडही सोडलं. माझी खीर आपोआप बंद पडली. तिचं ते हसणं कधी बंद झालं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं होतं.

यंदा तिला अंगावरून फार जायला लागलं. मंचरला नेलं, पिशवी काढावी लागली. दवाखान्यात तिच्याजवळ मीच राहिले. आणखी कोण राहणार? तीच म्हणाली, "अक्का असू दे." तिचं लुगडं बदललं, केस विंचरले, भांडं दिलं न घेतलं. बाकीच्या खाटांवरच्या बायका म्हणायच्या, अशी जाऊ मिळायला पुण्याई लागते बाई. सारिका मान हलवायची.

डिस्चार्जच्या आदल्या दुपारी वॉर्डात सगळी पेंगत होती. सारिका छताकडं बघत पडली होती. मग हळूच माझा हात धरला. तिचा हात गरम होता. म्हणाली, "अक्का, येक सांगू? कुणाला बोलू नगंस." मला वाटलं, कळलं हिला. आणि खरं सांगते, एका क्षणासाठी सुटल्यासारखंही वाटलं — सुटले, आता हिनंच बोलावं.

ती म्हणाली, "त्या वक्ती तुमी समदी म्हणत व्हता ना, चोरून खाती... येकदा खाल्लं व्हतं गं. तुज्या धाकल्याच्या वाढदिवसाला. केकचा तुकडा, गोठ्यात जाऊन. म्या आईची खोटी आण घेतली. तू माज्यासाठी एवढं जिवाचं रान करत व्हतीस, येगळं करून घालत व्हतीस, आन म्या... त्येनंच झालं आसंल का गं समदं? तवापासून सांगीन सांगीन म्हणतीय, तोंडच होत न्हाई. मला माफ कर."

डोळ्यांतलं पाणी तिच्या कानात ओघळत होतं. हात सोडला नव्हता तिनं. बाकीची वॉर्डातली माणसं झोपलेली होती. आम्ही दोघीच होतो.

मी तिचे डोळे पुसले. म्हटलं, "असू दे गं. केलं माफ."