समासातली पेन्सिल

गल्लीत रद्दीवाल्याची हाक आली की मला परदेशात, सेंगकांगला, आमच्या ब्लॉकखाली वाजणारा रद्दीवाल्याचा हॉर्न आठवतो. नवऱ्याची नोकरी गेली होती, तिच्याबरोबर आमचे तिथं राहण्याचे पासही जाणार होते, आणि दुसरी नोकरी मिळेल असं आम्ही एकमेकांना रोज सांगत होतो. त्या दिवसांत मी एका कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची कादंबरी मराठीत आणत होते. ती बाई एकटीनं मुलं वाढवत, नोकरी करत, पहाटे मुलं उठायच्या आत लिहायची. मीही तशीच पहाटे स्वयंपाकघरात बसायचे आणि तिच्या कादंबरीतल्या आईच्या आक्रोशाला मराठी शब्द शोधून ते पुस्तकाच्या समासातच पेन्सिलीनं लिहायचे. दमट हवेनं त्या पुस्तकाला बुरशीचा वास यायला लागला होता. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी ते पेपरांच्या गठ्ठ्यात बांधून हॉर्न वाजवत येणाऱ्या चिनी आजोबांना देऊन टाकलं. कळलं तशी मी अनवाणी खाली धावले आणि त्यांच्या लॉरीतले गठ्ठे वेड्यासारखे उपसत राहिले. "आंटी, ऑल मिक्स्ड ऑलरेडी लाह," ते तिथल्या इंग्रजीत हळूच म्हणाले. रिकाम्या हातांनी वर आले, तर सासूबाई गोंधळून म्हणाल्या, "अगं, पुण्याला गेल्यावर दुसरं घेऊ की. तिकिटं काढलीत म्हणाला हा, सामान कमी करायला त्यानंच सांगितलंय." नवऱ्यानं मान वर केली नाही. पुण्यात मी नवी प्रत घेतली. तिचे समास अजून कोरे आहेत.