बटन चालू होतं का बंद

आमच्या भाऊजींइतका रागीट माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर भाऊजी त्याच्यावरही रागावलेले असतील. ताईच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी त्यांना तीनदाच शांत पाहिलं. एकदा मुलगी झाली तेव्हा, एकदा जुनी फोर-बाय-फोर जीप दारात आली तेव्हा, आणि तिसऱ्यांदा माझ्यामुळे. ती तिसरी वेळ मला सांगायची आहे. पण ती कळायला आधी त्यांचा राग कळला पाहिजे.

हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलाच्या अंगाला त्यांचं शेत आहे. वांगी, कोबी आणि सांबार, म्हणजे तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता ती. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटरची पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंनी कुंपण असलेली बैलगाडीची वाट. जमीन काळी, भारी. पावसाळ्यात त्या पांदणीत पाय जातो तो बुटासकट परत येत नाही. पक्का रस्ता कधी झालाच नाही, पण तिच्या तोंडाशी मंजूर रस्त्याची पाटी मात्र ऐटीत उभी आहे. रोज त्या पाटीपाशी जीप थांबवून भाऊजी काच खाली करतात, तिला दोन शिव्या देतात आणि काच वर करून पुढे निघतात. एकदा तिथे कुणी नवा माणूस लघवीला उभा होता. शिव्या आपल्यालाच आहेत असं समजून तो कुंपणावरून उडी मारून पळाला. भाऊजींनी त्याच्यावरही राग काढला, "तू काऊन पळून राह्यला? पळालं पाह्यजे ही पाटी लावणाऱ्यायनं!"

त्यांच्या सगळ्या रागाचं मूळ एका यंत्रात आहे. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून ते दोघांना आपापल्या वेगानं फिरू देतं. डांबरावर हे ठीक. पण एक चाक गाऱ्यात, म्हणजे चिखलात गेलं की ते जागच्या जागी भिरभिर फिरतं आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक नुसतं उभं राहतं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला भाऊजी हे दोन वांगी आणि एक कांदा घेऊन शिकवतात. मी शाळेत मास्तर, तरी मलाही. "पाह्य मास्तर, जो फुकट फिरून राह्यला त्यालेच समदी ताकद. जो पाय रोवून उभा आहे त्याले काहीच नाई. हे गाडीचं नाई सांगून राह्यलो, हे समद्या दुनियेचं सांगून राह्यलो." मग ते दुनियेची यादी सुरू करतात. तोवर ताई ती दोन वांगी उचलून चिरायला घेते.

या अन्यायावर उपाय एकच, दोन्ही चाकं एकत्र जखडणारं लॉकर. ते कोणतं घ्यावं हे ठरवायला भाऊजींना चार वर्षं लागली. तेवढ्यात त्यांनी मुलीचं लग्न जमवलं आणि एक विहीर खोदली. दर रविवारी त्यांचे तीस वर्षांचे सोबती असलेले गाड्यांचे मिस्त्री यायचे, आणि दोघे वेटाळातल्या, म्हणजे आळीतल्या सगळ्यांची झोप मोडेपर्यंत भांडायचे. कुणी म्हणालं, नुसते मोठ्या खाचांचे टायर घाला. भाऊजी म्हणाले, "आपली माती खाचा भरते अन् टायरचं गुळगुळीत भजं करते." कुणी लिमिटेड स्लिप सुचवलं. ते घसरणाऱ्या चाकाला थोडंफार आवरतं. "थोडं धरते, थोडं सोडते. असा एक पुतण्या आहे मले, तेवढा पुरे." आपोआप लागणारं लॉकर तर त्यांनी उडवूनच लावलं. "मले न इचारता निर्णय घेणार? त्याच्यासाठी घरात तुही बहीण आहे ना!"

शेवटी बटनाचं लॉकर ठरलं. हवं तेव्हा लावायचं, नको तेव्हा सोडायचं. मिस्त्रींचा विरोध होता. ते जिपेच्या मागच्या एक्सलवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, हा म्हातारा आहे. डांबरावर बटन चालू राह्यलं अन् वळण घेतलं, तर हा मोडन. लॉकरले दोष देसान, नाई तं मले." भाऊजी म्हणाले, "माह्या हातून बटन चालू राहीन? मी काय शहरातला हाओ?"

शहरातल्यांवर त्यांचा वेगळा राग. पुतणीला पाहायला नागपूरचे पाहुणे एका चकचकीत, उंच फोर-बाय-फोर गाडीतून आले होते. आत पोहे चाललेले, आणि भाऊजी कुठेच दिसेनात. शोधलं तर पांढऱ्या सदऱ्यानिशी पाहुण्यांच्या गाडीखाली उताणे. बाहेर आले ते लाल होऊनच. "तीन वर्षांची गाडी आहे अन् खाली मातीचा डाग नाई! जो गाडीले चिखल दाखवत नाई तो पोरीले काय दाखवणार?" स्थळ मोडलं. पुतणीनं नंतर मला हळूच सांगितलं की तिलाही तो मुलगा आवडला नव्हता, पण काकांसारखं कारण तिला सुचलं नसतं.

मिस्त्रींनीच लॉकर बसवलं आणि एक रीत सुरू झाली. पांदण संपते तिथे कडुलिंब आहे. तिथे भाऊजी जीप थांबवायचे, बटन बंद करायचे, गाडी फूटभर मागे घ्यायचे, कारण ताणात लॉकर कधी कधी अडकून राहतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला की मोठ्यानं म्हणायचे, "सुटला!" गाडीत एकटे असले तरी म्हणायचे. मी हसायचो. माझं चुकलं ते तिथेच.

गेल्या पावसाळ्यात भाऊजी तापानं वर्ध्याला दवाखान्यात भरती झाले. तोडलेली वांगी शेतात पडलेली, आणि ते पलंगावरून डॉक्टरांवर, तापावर आणि वांग्यांवर रागावत होते. मी माझ्या घरून, पिपरी मेघेहून, रोज डबा घेऊन जायचो. म्हणालो, "मी आणतो जीपमधून." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. जावयालाही त्यांनी ती कधी दिली नव्हती. "कडुलिंब ध्यानात ठेवजो," एवढंच म्हणाले.

पांदणीत मी रुतलो, बटन दाबलं, आणि जीप रेड्यासारखी मान हलवत बाहेर आली. मला इतका आनंद झाला की कडुलिंब कधी मागे गेला ते कळलंच नाही. डांबरावर स्टिअरिंग जड लागत होतं, टायर कुरकुरत होते. मी म्हटलं, चिखल असेल. गावात शिरतानाच्या वळणावर कडाड् असा आवाज झाला आणि जीप बसली. समोर लाल दिवा जळत होता.

आणि मी बटन बंद केलं. लोक धावत येत होते, आणि मी, मुलांना खरं बोलायला शिकवणारा मास्तर, बोट पुढे करून दिवा विझवला. चूक कुणाच्याही हातून होते. पण ते बोट कुणी ढकललं नव्हतं. त्या बोटाचा मला आजही इतका संताप येतो, की त्यापुढे भाऊजींचा राग म्हणजे लाड वाटावेत.

भाऊजी बरे झाले ते थेट मिस्त्रींच्या दुकानावर, जिथे मोडकी जीप ओढून नेली होती. मी सोबत होतो. चार गिऱ्हाइकांसमोर ते ओरडले, "तीस वर्षं झाली, अन् एक लॉकर सरळ बसवता नाई आलं तुमाले?" मिस्त्रींनी हात पुसले. एवढंच विचारलं, "भाऊ, बटन चालू होतं का बंद?"

"गाडी माह्या साळ्याच्या हातात होती," भाऊजी म्हणाले. "तो मास्तर आहे. बंदच असन."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पान्यांकडे पाहिलं.

रविवार बंद झाले. भाऊजी एकटेच अंगणात बसून कांदा फिरवायचे आणि भांडायला कुणी नाही म्हणून कोंबड्यांवर ओरडायचे. आठ महिने मी रोज उद्या सांगू म्हणत राहिलो. मग एका बाजाराच्या दिवशी भाऊजी वांग्यांचा ढीग लावून बसले होते, मी शेजारी. मिस्त्री समोरून आले, थांबले, आणि पलीकडच्या बाईकडून पाव किलो वांगी घेऊन गेले. भाऊजी ओरडले नाहीत. त्यांनी आपल्या ढिगातलं एक वांगं उचललं, पुसलं आणि परत ठेवलं. मला ते बघवलं नाही. तिथेच सगळं सांगितलं. कडुलिंब, दिवा, बोट.

मी मार खायच्या तयारीनं डोळे मिटले होते. उघडले तर भाऊजी शांत. "चला," म्हणाले, आणि दुकान तसंच सोडून मला मिस्त्रींच्या घरी घेऊन गेले.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. "मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं. एक्सल दोरीवानी पिळून तुटला होता. बटन बंद असलं तं तसा नाई तुटत."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"इचारलं होतं ना भाऊ. तुमी म्हटलं, मास्तर आहे." मग ते म्हणाले, "तुमचा त्याच्यावर इतका भरोसा. तो मी कसा तोडू?"

भाऊजींनी त्यांचे दोन्ही हात धरले.

मिस्त्री आता रविवारी पुन्हा येतात, चहा घेतात, थोडं भांडतातही. पण जीपखाली शिरत नाहीत. कंबर वाकत नाही म्हणतात. मी त्यांना दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाहिलं आहे. आणि भाऊजी मला त्या दिवसापासून 'तुम्ही' म्हणू लागले. या मास्तर, बसा मास्तर, चहा घ्या मास्तर. जगातल्या प्रत्येक माणसावर, पाटीवर आणि कोंबडीवर ते रागावत होते, फक्त मला वगळून. असं वगळलं जाणं काय असतं, ते मी कुणाला सांगणार?

यंदाच्या श्रावणात त्यांचा गुडघा धरला. शेतातून निघताना ते डाव्या बाजूला जाऊन बसले. मी जीप चालवली. पांदण संपली, कडुलिंब आला. मी थांबलो. बटन बंद केलं, फूटभर मागे घेतली, दिवा विझेपर्यंत पाहिला आणि पूर्ण ताकदीनिशी ओरडलो, "सुटला!"

भाऊजी दचकले. खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "काऊन बोंबलून राह्यला बे तू? मी काय बह्यरा हाओ?"

डांबरी रस्ता मला थोडा वेळ नीट दिसला नाही. मी गाडी हळूच काढली. ते टायरवर, पावसावर, माझ्या गिअर टाकण्यावर, सगळ्यावर रागावत होते, आणि मी गाव येईपर्यंत ऐकत होतो.