हिरव्या दोऱ्याची गाठ

बाई दुकानात आली की मी आधी पडदा ओढते आणि मगच टेप हातात घेते. बाभुळगावात बस स्टँडच्या मागच्या रस्त्याला माझं शिवणकामाचं दुकान आहे, फक्त बायकांचं. पडद्याआड हात वर करून उभी राहिली की बाईचं तोंड आपोआप सुटतं. मी मुंढ्याचं माप घेत असते आणि ती नणंदेचं गाऱ्हाणं सांगत असते. कुणाच्या दंडावर वळ दिसतात. कुणाला दिवस गेलेले असतात आणि घरात अजून पत्ता नसतो. माझी आईही हेच काम करायची. काज-बटण मी माझी मीच शिकले, पण पडद्यातलं पडद्यात ठेवायचं, हे तिनं मला बजावून बजावून शिकवलं.

नेहमीच्या बाईचं माप एकदा घेतलं की जुन्या वर्तमानपत्रावर मी तिची कटिंग काढून ठेवायची. पाठ, पुढचा भाग, बाही, सगळं गुंडाळून वर दोरा बांधायचा आणि खुंटीला अडकवायचं. दोऱ्याचे रंग माझे मी ठरवलेले. लाल दोरा म्हणजे एक खांदा उतरता. पिवळा म्हणजे बाईला वजन वाढल्याचं सांगितलेलं खपत नाही, तेव्हा ब्लाउज ढिला शिवायचा आणि 'जुन्याच मापाचा आहे हो' असं म्हणायचं. पिवळे दोरे भरपूर होते. हिरवा मात्र एकाच गुंडाळीला होता.

ती गुंडाळी कळंबकडच्या एका काकूंची. अंगणवाडीत काम करून निवृत्त झालेल्या, ताठ मानेच्या, मोजकं बोलणाऱ्या. नागपूरला त्यांचं ऑपरेशन झालं आणि डावा स्तन काढावा लागला. गावात, नातेवाइकांत, अगदी बाहेर शिकायला असलेल्या मुलालाही गर्भपिशवीचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. खरं फक्त काकांना माहीत होतं आणि मला, कारण ब्लाउज मी शिवणार होते. अस्तराच्या आत डाव्या बाजूला मी मऊ कापडाचा खिसा शिवला. कापूस त्यांच्याच शेतातला, सरकी काढून, हातानं पिंजलेला. काकू आरशासमोर उभ्या राहिल्या, पदर घेतला, सोडला, परत घेतला. म्हणाल्या, "हे तुह्यात आन माह्यात. तिसऱ्याले नाही, पोरी." नंतर काका वारले. मुलाचं लग्न झालं, सून घरात आली. तेव्हापासून हे जाणणारी जगात मी एकटी होते.

मग खुंटीमागच्या भिंतीला वाळवी लागली. निम्म्या कटिंगा तिनं खाल्ल्या, उरलेल्यांतल्या बहुतेकींचा हात लावताच भुगा व्हायचा. मी डोक्याला हात लावून बसले तेव्हा शेजारच्या गाळ्यातली फॉल-पिको करणारी माझी मैत्रीण माझ्याजवळ येऊन बसली होती. तिच्याबद्दल चांगलं लिहायला आज हात धजत नाही, पण खोटं लिहिण्यात अर्थ नाही. आम्ही एकाच बचत गटातल्या, रोज एका डब्यात जेवणाऱ्या. माझी आई गेली तेव्हा तेरवीपर्यंत माझं दुकान तिनं उघडलं, झाडलं, आलेल्या बायकांची समजूत काढली. सख्ख्या बहिणीनं एवढं केलं नसतं.

त्याच सुमारास गटाच्या बायकांसाठी एक प्रशिक्षण झालं. छोट्या धंद्यांसाठी मोबाईलवरचं ॲप. गिऱ्हाइकांची नावं, मापं, ऑर्डरी, डिझाइनचे फोटो सगळं त्यात भरायचं. सर म्हणाले, ही माहिती तुमच्या मोबाईलमध्ये नाही, क्लाउडमध्ये राहते, म्हणजे ढगात. मोबाईल विहिरीत पडला तरी माहिती जात नाही. मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "ढगाचा भरवसा आमाले नोका सांगू, बाप्पा." सगळ्या हसल्या. मीही हसले. मला तर वाळवी लागत नाही एवढंच ऐकून आनंद झाला होता.

खातं उघडायला मोबाईल नंबर लागतो, त्यावर ओटीपी येतो. माझ्या सिमचा रिचार्ज तेव्हा संपलेला. आमच्याकडे हे काही नवीन नाही. गॅस असो, बँक असो, ज्याचा मोबाईल चालू असेल त्याचा नंबर ठोकून द्यायचा. दिराचा, भाच्याचा, समोरच्या किराणावाल्याचा. ओटीपी आला की तो गल्लीतून ओरडून सांगतो. मैत्रीण म्हणाली, "माहा टाक नं. आपल्यात काय तुहं-माहं?" टाकला. नावही तिचंच पडलं. त्यात काही चुकतंय असं तिथं बसलेल्या एकाही बाईला वाटलं नाही.

पहिलं माप माझंच भरलं. शिकायचं म्हणून तिनं टेप घेतला आणि मला पडद्याआड उभं केलं. आई गेल्यापासून माझं माप कुणी घेतलं नव्हतं. स्वतःच्या ब्लाउजसाठी मी जुनाच ब्लाउज खाली ठेवून कापते. तिचा हात पाठीवरून फिरला आणि मला उगाच भरून आलं. मोबाईल नंबर माझ्या नवऱ्याचा दिला. शेवटी 'विशेष सूचना' असा एक रकाना होता. "तुह्यापुढं काय लिहू?" तिनं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत हसत हसत लिहिलं, मैत्रीण.

मग दुपारी ऊन तापलं की गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा आम्ही भरायला बसायचो. मी उरल्यासुरल्या कटिंगा आणि मापाचे ब्लाउज पाहून सांगायची, ती टाइप करायची. तिचं बोट भराभर चालायचं. हिरव्या दोऱ्याची गुंडाळी हातात आली तेव्हा मी ती बाजूला ठेवली. ती म्हणाली, "हे काहून ठेवलं?" मी म्हटलं, राहू दे, हिचा नुसता हिरवा दोरा लक्षात ठेवायचा. "ॲपमंदी दोरा कुठं बांधू वं? लिहा लागते. उद्या तू बिमार पडली आन मले शिवा लागलं तं?" बोलणं रास्त होतं. आणि ती परकी थोडीच होती? मी सांगितलं. तिनं 'विशेष सूचना'त लिहिलं. नंबर काकूंच्या मुलाचा होता, कारण घरातला चालू मोबाईल तोच. काम झाल्यावर त्या जुन्या कागदांची आम्ही दोघींनी होळी केली.

ॲप गुणाचं होतं, ते नाकारत नाही. तिनं एकदा ओटीपी सांगून माझ्या मोबाईलवरही तेच खातं उघडून दिलं होतं. ब्लाउज तयार झाला की बाईच्या घरी आपोआप मेसेज जायचा. नेर गावच्या बायका गळ्याच्या डिझाइनचे फोटो पाठवायच्या आणि माप आधीच भरलेलं असल्यामुळे फेरी न मारता ऑर्डर द्यायच्या. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नव्हती. मैत्रीण माझ्या दुकानात येता-जाता म्हणायची, "पाह्य, म्या नसती तं तुहं काय झालं असतं?" मला ते ऐकायलाही गोड वाटायचं.

दिवाळी झाली आणि एक दिवस तिचा गाळा बंद दिसला. माहेरी गेली असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं तर ते मला ओळखेना. नंबर टाका, ओटीपी टाका. मी तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. ओटीपी तर तिच्याच मोबाईलवर जात होते. ॲपवाल्यांच्या मदत क्रमांकावरची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या नोंदणीकृत नंबरवर ओटीपी पाठवला आहे, तो सांगा." प्रशिक्षणाचे सर म्हणाले, ज्याचा नंबर त्याचं खातं, ताई. म्हणजे बाया माझ्या, मापं माझी, आणि दुकान मात्र दुसऱ्याच्या नावावर.

त्या संध्याकाळी नवरा कापसाच्या जिनिंग मिलमधून आला आणि त्यानं मोबाईल पुढे केला. "हे काय आलं, पाह्य बरं." यवतमाळ रोडला नवीन बुटीक सुरू झाल्याचा मेसेज होता. खाली लिहिलं होतं: नमस्कार ताई, आता आमच्याकडे या. तुमचे माप आमच्याकडे सुरक्षित आहे. तुमची विशेष सूचना: मैत्रीण.

आधी संताप आला. मग ती शेवटची ओळ परत वाचली. विशेष सूचना. सगळ्यांच्या मेसेजमध्ये ज्याची त्याची विशेष सूचना गेली होती.

सकाळी मी बुटीकवर गेले. काचेचं दार, कापडी बाहुल्यांच्या अंगावर ब्लाउज, आणि काउंटरमागे ती. मी म्हटलं, काकूंच्या मुलाच्या मोबाईलवर काय गेलं ते पाहिलंस का? तिचा चेहरा क्षणभर उतरला. मला वाटलं, आता रडेल, पाया पडेल, मग मी काय करू? पण तिनं लगेच स्वतःला सावरलं.

"मेसेज काय म्या एकेकीले पाठवला? ॲपच पाठवते. जे लिहलं हाय ते आपोआप जाते."

"आणि मापं? ती कुणाची?"

"काहून वं, चोरी केली का म्या? टाइप कोनं केलं? मोबाईल कोनाचा, नेट कोनाचं? तू तं नुसती बसून सांगत होती."

मी नुसती बसून सांगत होते. हे वाक्य मला अजून बोचतं. एवढी वर्षं बायकांच्या पाठीवरून, पोटावरून हात फिरवून जे गोळा केलं, ते तिच्या हिशेबी नुसतं बसून सांगणं. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या थंडगार दुकानात कळलं. तिच्या आवाजात जराही ओशाळलेपणा नव्हता. तो असता तर मी तिला कधीतरी माफ केलं असतं.

काकूंना फोन करायचं धाडस मला झालं नाही. करून काय सांगणार होते? सुदैवानं मुलानं मेसेज वाचलाच नसेल, अशी वेडी आशा धरून मी मशीन चालवत बसले. चालवत कसली, दोरा सारखा तुटत होता.

काकू स्वतःच आल्या, कळंबच्या बसनं. नेहमीसारख्या ताठ, पण पदर दोन्ही हातांनी धरलेला. उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरानं वाचलं. त्यानं सुनेले दाखवलं. दोघं माह्याकडं पाह्यतात आन मान खाली घालतात."

मी सांगू लागले. मैत्रीण, खातं, ओटीपी, ॲप. बोलता बोलता मलाच समजलं की यातलं काहीही काकूंच्या कामाचं नाही. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"तिनं लिहलं, हे समजलं मले. पन तिले सांगतलं कोनं?"

त्यांनी पिशवीतून ब्लाउज काढून टेबलावर ठेवला. मी शिवलेला, जांभळा. "खिसा उसवून दे. आता कोनासाठी भरू?"

नको म्हणावंसं वाटलं, पण तो हक्क माझा राहिला नव्हता. मी कैची घेतली आणि अस्तराचे टाके एकेक तोडले. बारीक टीप होती, माझीच, म्हणून वेळ लागला. खिसा निघाला, कापूस बाहेर आला. त्यांच्या शेतातला, अजून पांढराशुभ्र. काकूंनी ब्लाउज उचलला आणि घालून पाहते म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात आपोआप पडद्याकडे गेला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "आता कायले लावून राह्यली पडदा?"

दुकानाचं दार सताड उघडं होतं, समोरून माणसं जात होती. त्या रस्त्याकडे तोंड करून काकूंनी खांद्यावरचा पदर काढला. मी त्यांच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.