त्या नाताळात मी बाळ दिलं नाही

स्टेला आंटींशी मी एकदा खोटं बोलले होते.
आज सकाळी त्या गेल्या.

जबलपूरला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये त्या आमच्या शेजारी राहायच्या. नर्स होत्या. आमच्या लाइनीतली अर्धी पोरं त्यांच्याच हातावर जन्मली, माझी मीनूसुद्धा.

त्यांच्या छोट्याशा चर्चमध्ये एक रीत होती. नाताळच्या सकाळी गव्हाणीत येशूबाळ म्हणून बाहुली ठेवत नसत. लाइनीतलं सगळ्यात लहान बाळ आंटी छातीशी धरून आणायच्या आणि दहा मिनिटं गवतावर निजवायच्या. सरदारांचं असो, बंगाल्यांचं असो, आमचं असो. कुणी नाही म्हणत नसे. उलट आया काजळ-तीट लावून, नटवून न्यायच्या.

एकाहत्तरला ते बाळ माझं होतं. नऊ दिवसांचं.

लढाई नुकतीच थांबली होती. खिडक्यांवरचे काळे कागद अजून तसेच होते. आमचे हे डबल शिफ्ट करून घरी फक्त जेवायला आणि झोपायला यायचे.

आणि आंटींचा एकुलता एक व्हिक्टर फौजेत होता. कितीतरी दिवस त्याचं पत्र नव्हतं.

नाताळच्या आदल्या दिवशी आंटी आल्या.
"बस दस मिनट दे दो, बेटा. इस बार मुझे बहुत ज़रूरत है."

तुम्हाला वाटेल, सासूबाई आडव्या आल्या असतील. मीही पुढे सगळ्यांना तसंच सांगितलं. बिचाऱ्या सासूबाई! त्या तर आत मला म्हणाल्या होत्या, "बारसं नाही झालं त काय झालं? तिनंच त बाळंतपण केलं तुझं. जाऊ दे नं. काहून अडून राहिली?"

अडले मीच.
ज्या घरात तारेची धास्ती आहे, त्या घरच्या बाईच्या हाती आत्ता माझं बाळ नको, असं मला वाटलं. चांगली मॅट्रिक पास होते मी! लिहितानाही लाज वाटते.

म्हणाले, "आंटी, इसको बुखार है."

त्यांनी दुपट्यात हात घातला. मीनूचं पोट चाचपलं. त्या नर्स, त्यांना कळायचं राहतंय होय?

"हाँ," त्या म्हणाल्या. "थोड़ा गरम है. ठंड में मत निकालना."

दुपटं नीट गुंडाळलं आणि गेल्या.

त्या वर्षी गव्हाणीत बाहुली होती.
नव्या वर्षात तार आली. व्हिक्टर परत आला नाही.

मला कळतं, माझ्या दहा मिनिटांनी तो परतला नसता. पण तेवढा वेळ तरी त्या बाईनं आशेनं एक जीव छातीशी धरला असता. मी तेवढंही दिलं नाही.

मीनूला गोवर निघाला, तेव्हा याच आंटी ड्यूटीवरून परस्पर आमच्याकडे यायच्या. पुढे क्वार्टर्स सुटल्या, तरी घरं आम्ही शेजारीशेजारीच घेतली. दर नाताळला केक पाठवायच्या. दर वर्षी मी ठरवायची, आज बोलायचंच. आणि रिकामी प्लेट देऊ नये म्हणून चकल्या घालून परत करायची.

पन्नासच्या वर नाताळ मिळाले मला.

दोन पावलांवर दार होतं तुमचं, आंटी. आणि मी हे आज फेसबुकवर लिहिते आहे.

माफ करा.