थापाड्या रिफ्की आणि मकबुलेचा घेवडा

मेंगेन गावात मुलगा जन्मला की आधी त्याच्या हातात डाव देतात आणि मग नाव ठेवतात, असं आसपासची गावं चेष्टेनं म्हणतात. बोलू प्रांताच्या डोंगरातलं हे गाव साऱ्या तुर्कस्तानाला आचारी पुरवतं. रिफ्कीचे आजोबा आचारी, वडील आचारी, तिन्ही काका आचारी. रिफ्कीनं मात्र नुसतं पाणी उकळायला ठेवलं तरी भांडं करपायचं. वडिलांनी त्याला चुलीपाशी उभं करून पाहिलं, मारून पाहिलं, दर्ग्याला नवसही बोलून पाहिला. कांदा परतायला दिला तर तो कोळसा करी, आणि त्यानं शिजवलेल्या भातानं भिंत लिंपता आली असती. शेवटी वडील हात टेकून म्हणाले, "तुझ्या हातात काही नाही. पण जिभेला हाडही नाही. तिचंच काहीतरी कर."

रिफ्की इस्तंबूलला गेला आणि वेटर झाला.

मोठ्या मशिदींच्या बाजूला, जिथे परदेशी पाहुण्यांच्या बसगाड्या रिकाम्या होतात, तिथे तेव्फिक बेचं, म्हणजे तेव्फिकशेठचं, हॉटेल होतं. तेव्फिक बेनं रिफ्कीला लाल गोंडेदार फेज टोपी घातली, अंगात जरीचं जाकीट चढवलं आणि दारात उभं केलं. असली टोपी तुर्कस्तानात आता वेटर आणि आइस्क्रीमवाले सोडले तर कोणी घालत नाही, पण पाहुण्यांना ती आवडते. रिफ्की वाटेवरच्या माणसाला हात धरून आत आणी, खुर्चीत कोंबी, आणि तो उठून जायच्या आत गोष्ट सुरू करी.

गोष्टींना तोटा नव्हता. तुर्की पदार्थांची नावं ज्यानं कोणी ठेवली, तो बहुधा उपाशी आणि बायकोपासून लांब राहणारा माणूस असावा. तेलात शिजवलेल्या भरल्या वांग्याचं नाव 'इमाम बेशुद्ध पडला'. वांग्याच्या भरतावर मटण घातलं की ते 'सुलतानाला आवडलं'. तळलेल्या खिम्याच्या गोळ्याला 'बाईची मांडी' म्हणायचं आणि पाकातल्या एका गोडाला 'बाईची बेंबी'. रिफ्की मांडीची गोष्ट नजर खाली घालून सांगे आणि बेंबीची सांगताना आजूबाजूला पोरंबाळं नाहीत ना ते बघून घेई. इमाम का पडला, याचं कारण तो गिऱ्हाईक बघून ठरवी. जर्मनांना सांगे, बायकोनं वांग्यात किती तेल ओतलं ते ऐकून पडला. फ्रेंचांना सांगे, चवीनंच पडला. एकदा एका अमेरिकन डॉक्टरनं इमामाला रक्तदाबाचा त्रास होता का असं विचारलं, तर रिफ्कीनं होता म्हणून सांगितलं, वर आजोबाही त्याच दुखण्यानं गेले असं जोडून दिलं.

वांगी मात्र सकाळी पिशव्यांतून, बर्फात थिजून येत. गरम करून, वर कोथिंबिरीची काडी खोचून पुढे सारत. तिथे काम करणारं कोणी तिथलं खात नसे.

दुपारी रिफ्की टोपी खुंटीला अडकवून मर्जानची चढण चढून जाई. तिथे चांदीकाम करणाऱ्यांच्या आणि पिशव्या शिवणाऱ्यांच्या जुन्या इमारतींमध्ये मकबुलेची खाणावळ होती. मकबुले कास्तामोनूची, विधवा, अंगानं भरलेली, बोलायला कमी. काचेमागे पातेली मांडलेली असत. आपण बोट दाखवायचं, ती वाढायची. घेवडा संपला की खाणावळ संपली. मग राजा आला तरी दार बंद. तिचा पांढरा घेवडा लोण्यात आणि टोमॅटोत असा शिजे, की रिफ्की पहिला घास घेताना डोळे मिटे. गप्प बसायची दिवसातली तेवढी एकच वेळ होती त्याची.

एके दिवशी हॉलंडची एक म्हातारी तेव्फिक बेच्या हॉटेलात आली. रिफ्की इमामाला नुकतीच चक्कर आणत होता, तेवढ्यात तिनं ताट बाजूला सरकवलं आणि विचारलं, "हे तू स्वतः खाशील का?"

इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. उत्तर तयार नव्हतं, म्हणून खरं निघून गेलं. "नाही," तो म्हणाला.

"मग तू जेवतोस कुठे?"

तो तिला मर्जानला घेऊन गेला. म्हातारीनं घेवडा-भात खाल्ला, पावानं ताटली पुसून खाल्ली आणि खुर्चीतच डुलकी काढली. मकबुलेनं तिच्या पाठीशी उशी सरकवली.

त्या दिवसापासून रिफ्कीला व्यसनच लागलं. दारातून हाकून आणलेला पाहुणा भला दिसला, की तो कानाशी लागून मकबुलेचा पत्ता सांगे. भला नसला तर आत बसवून इमाम पाडी. आठवडे गेले. मालकाच्या गल्ल्यात हवा खेळू लागली तसा तेव्फिक बेला संशय आला, आणि एका दुपारी तो रिफ्कीच्या मागे मागे चढण चढून आला. खाणावळीत शिरला तेव्हा आपली अर्धी गिऱ्हाइकं तिथे पाव मोडत बसलेली त्यानं पाहिली. रिफ्कीचा चेहरा दह्यासारखा झाला.

तेव्फिक बे ओरडायलाच आला होता. पण चढणीनं धाप लागली होती, आणि मकबुलेनं, आलेल्या माणसापुढे ठेवतात तशी, ताटली ठेवून दिली. त्यानं रागारागानं एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग भात मागितला, लोणचं मागितलं, सगळं संपवलं, आणखी घेवडा घेतला, आणि तोंड भरलेलं असतानाच रिफ्कीला म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." रिफ्कीला शब्द नीट कळले नाहीत, म्हणून त्याला ते गिळून पुन्हा सांगावं लागलं.

सगळे उठून गेल्यावर रिफ्की तिथेच बसून राहिला. मकबुले फडकं मारत त्याच्या टेबलापर्यंत आली.

"अब्ला, मी इथे वाढायचं काम करू का?" त्यानं विचारलं. अब्ला म्हणजे ताई. तो तिला तसंच म्हणायचा.

"कर," मकबुले म्हणाली. "पण तोंड बंद ठेवून. पदार्थाचं नाव सांगायचं आणि ताटली ठेवायची. इमाम नाही, सुलतान नाही. आणि कोणाची मांडी तर नाहीच."

रिफ्कीनं तोंडाला कुलूप घातलं. पण त्यानं आधीच सांगून ठेवलेला पत्ता जगभर फिरत राहिला, आणि माणसं येतच राहिली. एका दुपारी हैदर हमाल कापडाचा गठ्ठा पाठीवर घेऊन जेवायला आला. त्याच्या रोजच्या खुर्चीत एक स्पॅनिश बाई बसली होती आणि घेवडा तळाला गेला होता. ओझं न उतरवता हैदर तिच्या मागे उभा राहिला आणि तिच्या मानेवर श्वास सोडत राहिला. त्याच्यामागे दुसरा हमाल येऊन उभा राहिला, मग तिसरा. बाईला वाटलं, हा इथला काही रिवाज असेल. तिनं त्यांचा फोटो काढला.

मकबुलेनं काचेमागून हे पाहिलं. "रिफ्की," ती म्हणाली, "हे सामान तू आणलंयस. तूच उतरव."

रिफ्कीनं मग दोन नियम केले. आधी कारागीर आणि हमाल जेवतील, मग पाहुणे. आणि पाहुण्यांना वेगळं टेबल नाही, जागा मिळेल तिथे बसायचं. स्पॅनिश बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तर तिला त्यानं नेमकं हैदरच्या शेजारी बसवलं. हैदरनं मोठ्या मनानं आपली लोणच्याची वाटी तिच्याकडे सरकवली. ते मिरचीचं लोणचं होतं. बाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि टेबलावरचे सगळे हमाल आपापला ताकाचा पेला घेऊन तिच्यावर धावले. ती सगळ्यांचं ताक प्यायली. त्यानंतर पाहुण्यांबद्दल कोणी कुरकुर केली नाही. उलट गप्प बसलेल्या रिफ्कीची जागा हैदरनं घेतली. बेशुद्ध पडलेला इमाम आपला चुलत आजा होता, असं तो लोकांना खुणांनी सांगू लागला.

थंडीत मात्र आक्रीत झालं. कडवट वांगी दिली म्हणून मकबुले भाजीवाल्याशी रस्त्यात भांडत होती, आणि भांडण रंगलं. मागे घेवडा लागला. लागला म्हणजे चांगलाच लागला, धूर गल्लीत आला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मकबुले पातेल्यात बघत उभी राहिली आणि म्हणाली, "दार लाव. आज नाही."

पण बाहेर रांग लागली होती, आणि रांगेत पुढे मशिदीचा इमाम होता. खरा इमाम. रोज इथेच जेवणारा, पोक्त, खादाड माणूस. पहिला बर्फ पडत होता. रिफ्कीनं एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा मकबुलेच्या तोंडाकडे, आणि तोंडाचं कुलूप तोडलं.

दारात जाऊन तो म्हणाला, "आज धुरावरचा घेवडा आहे. कास्तामोनूच्या डोंगरात पहिल्या बर्फाच्या दिवशीच करतात. वर्षातून एकदा. मकबुले अब्लानं तुमच्यासाठी पहाटेपासून धूर दिलाय."

माणसं आत आली. कास्तामोनूचा एक चांदीवाला म्हणाला, आमच्या आजीच्या हातचा अगदी असाच असायचा. हैदरनं आणखी वाढायला सांगितलं. इमामानं घास घेतला, बराच वेळ चावला आणि रिफ्कीकडे बघत राहिला. रिफ्कीनं नजर चुकवली.

"खोटं बोलणं पाप आहे," इमाम हळूच म्हणाला. "पण अन्न टाकणं त्याहून मोठं. वाढ."

काचेमागे मकबुले हसू लागली. तिला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. ती इतकी हसली की डाव पातेल्यात पडला आणि तो काढताना बाही कोपरापर्यंत घेवड्यात बुडाली.

दुपारी खुर्च्या उलट्या करून ठेवताना ती म्हणाली, "अक्सरायला तू तिघा जणांबरोबर एका खोलीत राहतोस ना?"

"हो, अब्ला. एक जण घोरतो. दुसरा झोपेत गातो."

"इथे वर माझ्या दोन खोल्या आहेत. पण लोक बोलतील. तेव्हा ओळखपत्र घेऊन ये, नगरपालिकेत जाऊ." मग आणखी एक खुर्ची उलटी करत म्हणाली, "आणि आता मला अब्ला म्हणणं बंद कर. बरं दिसत नाही."

"बरं," एवढंच रिफ्की म्हणाला.

नगरपालिकेतल्या लग्नाला इमाम आणि हैदर साक्षीदार होते. तेव्फिक बेही आला. रिफ्कीला काढून टाकल्यापासून तो रोज मकबुलेकडेच जेवत होता, खिडकीकडे पाठ करून, आपल्या नोकरांनी बघू नये म्हणून. तिकडे लग्नाची सही करताना नवरा-बायकोपैकी जो आधी दुसऱ्याच्या पायावर पाय देईल, त्याचा घरात शब्द चालतो. रिफ्कीला आठवण होती, त्यानं पाय उचललाही होता. अधिकाऱ्यानं त्याला विचारलं, "कबूल आहे का?" आणि त्याच क्षणी मकबुलेचा जाड तळव्याचा बूट त्याच्या अंगठ्यावर आला, ती घेवड्याचं भरलं पातेलं उचलते त्याच ताकदीनं.

"हो!" रिफ्की किंचाळला.

अधिकारी म्हणाला, इतक्या मनापासून होकार देणारा नवरा आपण पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खाणावळ नेहमीच्या वेळी उघडली. रिफ्की लंगडत वाढत होता. एका जर्मन जोडप्यानं काळजीनं विचारलं, पायाला काय झालं. रिफ्कीनं ताटली खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि सुरुवात केली, "फार जुनी गोष्ट आहे. एक सुलतान होता..."

काचेवर डावाचे दोन टोले पडले. तो उठला आणि भात आणायला गेला.