रक्त द्यायच्या आधी एक गिलास दूध

त्या रविवारी सकाळी आमच्या कोराडीच्या क्वार्टरमध्ये माझं रक्त काढायला माणूस येणार होता... आणि त्या तपासणीवर माझं बी.एड. टांगलेलं होतं.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटची. लग्नाला सात महिने झाले होते. सासरे आणि आमचे हे, दोघंही पॉवर हाउसमध्ये नोकरीला. मी वर्ध्याची, हट्टाने बी.एड.ला ॲडमिशन घेतलेली, रोज सकाळी सातच्या बसने नागपूरला जाणारी. जाणारी म्हणजे... निघणारी. त्यातले निम्मे दिवसच कॉलेजात पोहोचायचे.

कारण माझं पोट. बस वाटेतल्या मानकापूरला येईपर्यंत पोटात असा काही गोंधळ सुरू व्हायचा की मी खाली उतरून परतीची गाडी धरायचे. पुढचं लिहीत नाही... ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल.

घरात प्रत्येकाने आपापला आरोपी धरला होता. सासऱ्यांनी वांगी बंद केली, यांनी तर्री-पोहे, शेजारच्या काकूंनी तुरीचं वरण. शेवटी मी मुगाच्या खिचडीवर आले. आता नुसत्या खिचडीने पोरीच्या अंगात ताकद कुठून येणार, म्हणून सासूबाईंनी रोज सकाळी निघताना द्यायच्या ते म्हशीचं दूध वाढवलं. एकाचे दोन गिलास, दोनाचे तीन... माहेरी आम्ही सहा भावंडं, दूध चहापुरतंच दिसायचं. त्यामुळे मला त्या लाडाचं फार अप्रूप होतं.

पण पोट काही थांबेना. कॉलनीतल्या बायका बोलायला लागल्या, की सून माहेरूनच दुखणं घेऊन आली. आणि एक दिवस सासरे शांतपणे म्हणाले, या तपासणीत काही निघालं तर औषध करू, नाही निघालं तर यंदा कॉलेज राहू दे, माहेरी जाऊन आराम कर. रागावून म्हणाले असते तर मी भांडले तरी असते. आपल्याला काहीतरी आजार निघू दे म्हणून देवाला हात जोडणारी अख्ख्या कॉलनीत मी एकटीच असेन.

डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितलं होतं. आता फोनवर बोट टेकवलं की माणूस दारात हजर होतो... तेव्हा डॉक्टरांच्या ओळखीने मेश्राम भाऊ शहरातून बसने यायचे. साडेसहाला येणार होते. सात वाजले, साडेसात झाले, भाऊंचा पत्ता नाही.

सासूबाईंना माझं सुकलेलं तोंड बघवेना. "रक्त काढून राहिले पोरीचं, अन् पोटात काईच नाई? घे वं, दूध पी."

मी म्हटलं, आई, काही घ्यायचं नाही म्हणालेत.

"दूध काय अन्न हाय? एकादशीले चालते, मंग डॉक्टरले काहून नाई चालत?"

 खरं सांगू का, मला भूकही लागली होती. गटागट पिऊन टाकलं.

आठ वाजता मेश्राम भाऊ आले. त्यांनी स्टीलच्या डब्यातून काचेची सिरिंज काढली, आमच्याच स्टोव्हवर पाणी ठेवून सुई उकळली, माझ्या दंडाला पट्टी बांधली. मग सहज विचारलं, काही खाल्लं तर नाही ना...

"काईच नाई," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "दूध तेवढं दिलं. मोठा गिलास."

भाऊंनी पट्टी सोडली. ते आता रागावणार असं वाटलं, तेवढ्यात माझ्या पोटात ओळखीची कळ उठली आणि मी मागच्या दाराकडे पळाले.

परत आले तेव्हा मेश्राम भाऊ चहा पीत बसले होते. त्यांनी मला विचारलं, काल काय जेवल्या? मी सांगितलं, संध्याकाळी सातला वाटीभर खिचडी. त्यानंतर? त्यानंतर हे दूध.

"मी डॉक्टर नाही बाई," ते सासूबाईंना म्हणाले, "पण रातभर पोट चूप होतं. दूध गेलं, अन् तासाभरात हे असं. आठ दिवस हिचं दूध बंद करून पाहा. रक्त पुढच्या रविवारी घेतो."

 मला सासूबाईंकडे बघायचा धीर होईना... सहा महिने त्यांनी स्वतःच्या हाताने साखर घालून पाजलं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडताहेत. बघते तर हसत होत्या, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"म्हणजे चोर माह्याच हातात होता," त्या म्हणाल्या, "अन् मी बिचाऱ्या वांग्याले बदनाम करून राहिली."

दूध बंद झालं आणि चौथ्या दिवशी मी बसमध्ये बसून थेट कॉलेजच्या स्टॉपवर उतरले. मधे कुठेही न उतरता... त्या दिवशी स्टॉपवर मी एकटीच वेड्यासारखी हसत उभी होते. पुढच्या रविवारी रक्त दिलं, रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, काहींना दूध पचत नाही, ताक घेऊन बघा. ताक छान पचलं. वांगीही परत आली.

पण मला आठवतं ते त्यानंतरचं हळदीकुंकू. कुणीतरी मुद्दाम विचारलं, काय हो, सुनेचं ते माहेरचं दुखणं कसं आहे? सासूबाई कुंकू लावता लावता, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिचं काई दुखणं नव्हतं वं. चुकी माही होती."

मी पुढे निवृत्तीपर्यंत शाळेत शिकवलं. पोरांना कितीतरी गोष्टी शिकवल्या... पण आपली चूक चारचौघांत, हसत हसत कशी कबूल करावी, हे मी सासूबाईंकडून शिकले, आणि अजूनही मला ते त्यांच्याइतकं जमत नाही.