मामंजींचा रुसूम

मामंजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गुलमंडीवरच्या शाळेत चौथीला बेरीज शिकवत होते. ती पुरी करून मगच निघाले. माझे सासरे जाऊन आता महिना होत आला. भेटायला येणारे 'देवमाणूस होते' म्हणतात आणि मी चहाच्या निमित्तानं आत उठून जाते.

कन्नडकडच्या देशमुखीपोटी त्यांना निजामाच्या खजिन्यातून दरसाल ठरलेला रुसूम मिळायचा. पोलीस ॲक्शननंतर पुढं तो बंद झाला. सुंभ जळाला, पीळ तसाच राहिला. लग्न होऊन मी औरंगपुऱ्यातल्या या घरात आले, नोकरी लागली, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी मामंजींनी पितळी तबक पुढं केलं. "पगार म्हणू नका, सूनबाई. तो फिरंग्यांचा शब्द, राबणाऱ्याचा. आपला तो रुसूम. अरबीत रस्म म्हंजे रीत, त्यातून रुसूम. तो रीतीनं येतो, कामानं नाय." सांगत होते ते खरंच होतं... म्हणून तर चीड जास्त यायची. दिवसभर उभं राहून घसा माझा बसायचा आणि रीत यांची. मग दर पहिल्या तारखेला तबकात विडा, विड्याशेजारी माझ्या नोटा. आमचे हे सगळं बघायचे, मान खाली घालून.

माझ्या आईचा मोतीबिंदू पिकला तेव्हा ऑपरेशनसाठी मी माझ्याच कमाईतले पैसे मागितले. मामंजी पान चघळत म्हणाले, "रुसूम वर येतो, खाली जात नाय. तशी रीत नाय." पुढं आई मला आवाजावरून ओळखायला लागली... आणि मला न बघताच गेली. ते मी माफ केलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये ही रीत आहे, ती मी मोडते आहे.

परवा पहिली तारीख होती. शाळेतून आले तर मामंजींच्या खुर्चीत आमचे हे बसलेले. समोर तेच तबक, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. "आता घरात मोठा मीच ना," ते हळूच म्हणाले, "दादांची रीत चालू राहिली म्हंजे बरं..."

मी विडा करून तबकात ठेवला. ते आणखी कशाची तरी वाट बघत राहिले. पगार पिशवीत होता आणि पिशवी माझ्या खांद्यावर. तशीच मी दिवा लावायला आत गेले.